दगड सरकवण्याआधी



२० मे २०२५ रोजी डॉ. जयंत नारळीकर गेले. बातमी कानावर आली तेव्हा गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या चिचगडकडे तेंदूपत्त्याचा हंगाम सरत आला होता. पहाटे जंगलात जायचं, पानं तोडून आणायची आणि दुपारी ओसरीवर बसून त्यांचे पुडे बांधायचे, असा या दिवसांतला घरोघरचा क्रम. एका पुड्यात सत्तर पानं. हात कामात असतात, कान मोकळे असतात. त्या दिवशी मी कपाटातून एक जुनं पुस्तक काढलं आणि शेजारच्या ओसरीवर पुडे बांधत बसलेल्या मुलांजवळ जाऊन बसलो. पुस्तक होतं नारळीकरांची 'वामन परत न आला' ही कादंबरी.

कादंबरी १९८६ सालची. त्याच वर्षी मी शिक्षक म्हणून नोकरीला लागलो होतो. पहिल्या पगारातून नागपूरला सीताबर्डीवर ती विकत घेतली आणि परतीच्या एसटीत वाचायला सुरुवात केली. देवरी कधी आलं ते कळलं नाही. आम्हा मित्रांत ती प्रत कितीतरी हातांतून फिरली. जमिनीच्या पोटात एक बंद पेटी सापडते. आपल्याआधी पृथ्वीवर होऊन गेलेल्या एका प्रगत संस्कृतीनं ती मागे ठेवलेली असते. आतल्या माहितीचा उलगडा करून शास्त्रज्ञ एक यंत्रमानव घडवतात. तोच वामन. तो बोलतो, शिकतो, विचार करतो. आम्हाला तेव्हा भुरळ पडली ती याच गोष्टीची. यंत्र माणसाशी बोलेल, त्याच्या प्रश्नाला उत्तर देईल, ही कल्पनाच अंगावर काटा आणायची. उरलेली कथा आम्ही त्या भारावलेपणातच वाचून काढली.

जवळपास चाळीस वर्षांनी तेच पान मी मोठ्यानं वाचलं. वामन पहिल्यांदा बोलतो तिथे मी जरा थांबलोसुद्धा, मुलांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कुणाचाही हात थबकला नाही. पुडे बांधणं चालूच. एक मुलगा सहज म्हणाला, "मोबाइल बी बोलतेच ना जी." त्याचं खरंच होतं. आमच्या पिढीनं ज्या पानावर श्वास रोखला, ते पान या मुलांसाठी रोजचंच झालं आहे.

मला वाटलं, पुस्तक म्हातारं झालं. पण दोन दिवसांनी, कथा बरीच पुढे गेल्यावर, तेच हात थांबले. पेटी मागे ठेवणारी ती संस्कृती लयाला का गेली, हे जिथे उलगडू लागतं, तिथे. आपणच घडवलेल्या यंत्रमानवांनी तिचा घात केलेला असतो, आणि हे कळेपर्यंत इकडे वामन तयार झालेला असतो. ओसरीवर शांतता पसरली. मग आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, "पन पेटी उघडाची, हे ठरवलं कोनं?"

श्रोतेहो, १९८६ साली हा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नव्हता.

ती मुलगी गोंड घरातली. तिची आजी तिथेच बसून पानं निवडत होती. आजी म्हणाली, आमच्यातही अशी गोष्ट आहे. मग तिनं कचारगडची कथा सांगितली. आमच्या गोंदिया जिल्ह्यातच, सालेकसा तालुक्यात कचारगडची प्रचंड गुहा आहे. माघ पौर्णिमेला दूरदूरच्या राज्यांतून गोंड समाज तिथे लोटतो. काली कंकालीची तेहतीस मुलं त्या गुहेत कोंडली गेली, दारावर भला मोठा दगड होता. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्यांच्या सुटकेचा मार्ग काढला आणि हिरासुका पाटारीनं तो दगड सरकवला. त्यात त्याचा प्राण गेला. सांगणाऱ्यागणिक तपशील थोडे बदलतात, पण कोंडलेल्यांना मोकळं करणं हा या कथेचा गाभा.

नात बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आमच्या गोष्टीत दगड सरकवनाऱ्याले ठाऊक होतं, आत कोन हाये. या शास्त्रज्ञाइले कोठं ठाऊक होतं जी?"

मी इतकी वर्षं शिकवलं. एखाद्या पुस्तकाचं इतकं नेमकं परीक्षण मी क्वचितच ऐकलं आहे. कुतूहल वाईट नाही. दगड सरकवणंही वाईट नाही, कचारगडला ते केल्यामुळेच तर मुलं सुटली. पण आत काय आहे हे जाणून घेण्याआधी हात घालायचा का, आणि त्याची किंमत कोण मोजणार, हे आधी विचारायला हवं. यंत्रं निबंध लिहू लागली, चित्रं काढू लागली, तेव्हापासून जगभरातले जाणकार याच प्रश्नाभोवती फिरत आहेत. तेंदूपानांच्या ढिगाशेजारी बसलेल्या एका मुलीनं तो दोन वाक्यांत मांडला.

नारळीकरांना वाचकाकडून हेच हवं होतं, असं मला वाटतं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही पहिली कथा पाठवली. तेव्हा ते जगभर मान्यता मिळालेले खगोलशास्त्रज्ञ होते, १९६५ सालीच पद्मभूषण झाले होते. तरी कथेवर त्यांनी स्वतःचं नाव घातलं नाही. आपली आद्याक्षरं उलटी करून नारायण विनायक जगताप या नावानं ती पाठवली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून ती लिहून घेतली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. नावाच्या वजनावर नव्हे, मजकुराच्या बळावर पारख व्हावी, ही शास्त्रज्ञाची शिस्त त्यांनी कथेलाही लावली. पुढे 'यक्षांची देणगी', 'प्रेषित' अशी पुस्तकं येत गेली आणि मराठीत विज्ञानकथेला हक्काचं घर मिळालं.

आमच्या ओसरीवर त्यांची आणखी एक कथा फार रंगली, 'उजव्या सोंडेचा गणपती'. तिच्या मुळाशी मोबियसची पट्टी आहे. मुलांचा विश्वास बसेना. मग नव्या शर्टावरच्या पारदर्शक प्लास्टिकची एक लांब पट्टी कापली. एका टोकाला अर्धा पीळ दिला आणि दोन्ही टोकं चिकटवली. पट्टीवर डाव्या सोंडेचा छोटा गणपती शाईनं काढला. त्याच मापाचा दुसरा गणपती प्लास्टिकवर काढून कापून घेतला, पहिल्यावर तंतोतंत बसवला आणि पट्टीवरून न उचलता सरकवत नेला. एक फेरी पुरी करून तो पहिल्यापाशी आला तेव्हा त्याची सोंड उजवीकडे वळलेली! मुलांनी तो प्रयोग किती वेळा केला, मोजलं नाही. ऑगस्ट मोबियस या जर्मन गणितज्ञानं ही पट्टी अभ्यासली ती १८५८ साली. प्लास्टिक आजचं, कथा कालची, गणित दीडशे वर्षांहून जुनं, आणि आश्चर्य मात्र त्या दुपारचं, अगदी ताजं.

म्हणून मी या निष्कर्षावर आलो आहे. विज्ञानकथेतलं भाकीत खरं ठरलं की ते पान जुनं होतं, कारण आता ते आपल्या खिशातच असतं. खोटं ठरलं तरी जुनं होतं. टिकतो तो कथेनं वाचकाच्या मनात जागा केलेला प्रश्न. आणि प्रत्येक पिढीला आपला प्रश्न वेगळ्या पानावर भेटतो. आम्हाला वामनाच्या बोलण्यापाशी भेटला, या मुलीला पेटीच्या झाकणापाशी भेटला.

तेव्हा श्रोतेहो, तुमच्या गावच्या वाचनालयात, शाळेच्या कपाटात नारळीकरांचं एखादं पुस्तक असेल तर ते बाहेर काढा. मुलांना मोठ्यानं वाचून दाखवा. त्यांचे हात जिथे थांबतील तिथे तुम्हीही थांबा, आणि त्यांनी प्रश्न विचारला तर उत्तराची घाई करू नका. घरातल्या आजीला आधी बोलू द्या.

माझी १९८६ सालची प्रत आता त्या मुलीकडे आहे.