शिक्षकाची मुद्रा आणि मुलाचे मौन



अहिल्यानगराहून दौंडकडे जाणाऱ्या रस्त्यालगत अरणगाव आहे. त्याच्या शेजारी मेहेराबाद येथे १० जुलै १९२५ रोजी मेहेरबाबांनी मौन धारण केले. ३१ जानेवारी १९६९ रोजी पिंपळगावनजीकच्या मेहेराझाद येथे देहावसान होईपर्यंत, म्हणजे सुमारे साडेत्रेचाळीस वर्षे, त्यांनी ते सोडले नाही. प्रारंभी ते लिहून सांगत. पुढे लेखनही सोडून इंग्रजी अक्षरे रंगविलेल्या एका फळीवर ते बोट फिरवीत आणि जवळचा शिष्य ती अक्षरे जुळवून वाक्य मोठ्याने उच्चारी. ७ ऑक्टोबर १९५४ रोजी त्यांनी ती फळीही दूर केली व त्यानंतर केवळ हाताच्या खुणा व मुद्रा यांवर त्यांचा सर्व व्यवहार चालला. १९२७ साली मेहेराबादला मुलांसाठी शाळा निघाली होती. तिच्या संस्थापकाचा आवाज तेथील मुलांच्या कानी कधीच पडला नाही.

त्यांच्या अध्यात्मविषयक शिकवणीचा विचार येथे कर्तव्य नाही; तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. शिक्षकाच्या दृष्टीने त्यातील एकच गोष्ट मोलाची आहे. खुणा कितीही बोलक्या असल्या तरी नव्याने आलेल्या माणसास त्यांचा अर्थ लागत नसे. वर्षानुवर्षे सहवासात राहिलेला शिष्य तो अर्थ बोलून दाखवी, आणि तो चुकला तर बाबा पुन्हा खूण करीत. म्हणजे मूक भाषा सर्वांस आपोआप समजते हा समज खरा नव्हे. ती वाचावी लागते, आणि वाचलेले बरोबर आहे की नाही हे विचारून घ्यावे लागते. वर्गात नेमकी हीच दुसरी पायरी गाळली जाते.

आपल्या मराठीस देहाची ही बोली नवी नाही. डोळे वटारणे, नाक मुरडणे, कपाळाला आठ्या घालणे, पाठ फिरविणे, मान डोलाविणे हे वाक्प्रचार मुलाच्या कानावर शाळेत येण्यापूर्वीच पडलेले असतात. भरताच्या नाट्यशास्त्राने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक असे चार प्रकार सांगितले. त्यांतला वाचिक तेवढाच शब्दांचा. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून बैलाची किंमत ठरविण्याची जुनी रीत होती व काही ठिकाणी ती अजून दिसते. बापाबरोबर काष्टीच्या किंवा घोडेगावच्या बाजारास जाणारे मूल माणसांच्या चेहऱ्यावरून सौदा जमला की फिसकटला हे ओळखू लागते. असे मूल वर्गात बसले म्हणजे तेथेही तो अभ्यास सोडीत नाही. तेथे त्याच्या निरीक्षणाचा विषय असतो शिक्षकाचा चेहरा.

बर्लिन शहरात विसाव्या शतकाच्या आरंभी हान्स नावाचा एक घोडा फार गाजला. त्याचा मालक फॉन ऑस्टेन हा पूर्वी शिक्षक होता. बेरीज-वजाबाकीचा प्रश्न विचारला की घोडा उत्तराइतक्या वेळा खूर आपटी. लबाडीचा संशय घेऊन विद्वानांनी तपासणी केली, तरी लबाडी आढळली नाही. अखेर ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकाने १९०७ साली कोडे उलगडले. प्रश्न विचारणाऱ्यास स्वतःस उत्तर ठाऊक नसेल, किंवा तो घोड्याच्या दृष्टीआड असेल, तर घोड्याचे गणित हटकून चुके. विचारणारा माणूस खुरांचे ठोके मोजीत किंचित पुढे वाकलेला असे आणि योग्य आकडा येताच त्याचे मस्तक नकळत जरासे वर उचलले जाई. घोडा ती हालचाल पाहून थांबे. त्यास गणित येत नव्हते. माणूस वाचता येत होता.

हा घोडा दुसरीच्या वर्गातही भेटतो, आणि त्यात मुलाची लबाडी नसते. ‘सात आठे?’ असे विचारताच मूल ‘चौ...’ म्हणून रेंगाळते, गुरुजींच्या भुवयांकडे पाहते, भुवई आखडलेली दिसताच ‘छप्पन्न’ म्हणते आणि शाबासकी मिळविते. गुरुजींस वाटते पाढा पाठ झाला. यावर उपाय साधा आहे. उत्तर बरोबर असो वा चूक, काही क्षण मुद्रा सारखीच ठेवावी आणि दोन्ही वेळा ‘कसे काढलेस?’ असे विचारावे. केवळ चुकीच्या उत्तरासच हा प्रश्न विचारला, तर प्रश्न म्हणजेच चूक हे मूल दोन दिवसांत ओळखते. ‘समजले का?’ या प्रश्नाचीही तीच गत आहे. आपल्याकडे मान बाजूस डोलाविणे हे होकाराचे, मान राखण्याचे आणि नुसते ऐकत असल्याचेही चिन्ह आहे. चाळीस माना डोलल्या म्हणजे चाळीस मुलांस भागाकार समजला असे नव्हे.

आता शिक्षकाच्या बाजूने पाहू. अमेरिकेत मेरी बड रो या विदुषीने विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणे तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरीने एक सेकंददेखील थांबत नाहीत. उत्तर न आल्यास लगेच दुसऱ्या मुलाकडे वळतात किंवा स्वतःच सांगून टाकतात, असे १९७० च्या सुमारास त्यांच्या ध्यानी आले. हुशार मानलेल्या मुलासाठी शिक्षक थोडे अधिक थांबत, मंद मानलेल्यासाठी कमी. म्हणजे ज्यास वेळेची गरज अधिक, त्यासच तो कमी मिळे. हा अवकाश तीन सेकंदांपर्यंत वाढविताच उत्तरे लांबली, आणि एरवी गप्प बसणारी मुले बोलू लागली. शिक्षकाने केलेला हा देहाचाच व्यवहार होय. येथे शब्द एकही वाढला नाही.

रॉबर्ट रोझेनथाल व लेनोर जेकबसन यांचे १९६८ साली प्रसिद्ध झालेले संशोधन अनेकांनी ऐकले असेल. काही मुलांची नावे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून ती ‘लवकरच चमकतील’ असे शिक्षकांस सांगण्यात आले, आणि वर्षाअखेर खालच्या वर्गांतील ती मुले बुद्धिमापनात खरोखरच पुढे गेलेली दिसली. या प्रयोगाच्या पद्धतीवर पुढे पुष्कळ आक्षेप आले व अपेक्षेचा परिणाम मूळ दाव्याहून लहान असतो असे ठरले. पण तो शून्य ठरला नाही. शिक्षक ज्याच्याकडून आशा धरतो त्याच्याकडे अधिक वेळा पाहतो, अधिक वळतो. आणि मुलास ते कळते.

येथे एक इशारा द्यावयास हवा. प्रशिक्षणवर्गांतून ‘संवादात शब्दांचा वाटा सातच टक्के, बाकी सारे देहबोली’ असे मोठ्या ठसक्याने सांगितले जाते. अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांवरून हा आकडा उचललेला आहे. ते प्रयोग सुटा शब्द, आवाज व चेहरा यांवरून आवड-नावड कशी ओळखली जाते एवढ्यापुरते होते. त्र्याण्णव टक्के भूगोल हातवाऱ्यांनी शिकविता येत नाही, हे कोणाही शिक्षकास सांगण्याची गरज नसावी.

याहून घातक समज मात्र निराळाच आहे, आणि त्याची किंमत मुलास मोजावी लागते. वर्गात पेन हरवते. गुरुजी सर्वांवरून नजर फिरवितात. एक मुलगा मान खाली घालतो, पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागतो. ‘चोराच्या मनात चांदणे’ म्हणून निवाडा होऊन जातो. वस्तुतः खेड्यातील पुष्कळ घरांत वडीलधाऱ्यांच्या नजरेला नजर देणे उद्धटपणाचे मानतात. रागावलेल्या मोठ्या माणसापुढे मान खाली घालणे हे वळण होय. श्रीगोंदे, कर्जत या भागांतील पारधी वस्तीवरचे मूल असेल, तर प्रश्न अधिकच गंभीर होतो. १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरविल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण त्याने लावलेली नजर गावातून तितक्या लवकर गेली नाही. त्या घरातले मूल चारचौघांत रोखलेली नजर पाहताच आक्रसून जाते. ही भीती त्याच्या आजोबांपासून चालत आलेली असते. तिला कबुली समजणे हा अन्याय आहे, आणि दुसऱ्या दिवशी ते मूल शाळेत आले नाही तर त्याचे कारण हजेरीपटावर कोठेच उमटत नाही.

चेहऱ्यावरून खोटे ओळखण्याची कला कोणास साधते काय, याचाही शोध घेण्यात आला आहे. चार्ल्स बाँड व बेला डीपाउलो यांनी २००६ साली अशा शेकडो प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला. खरे-खोटे ओळखण्यात माणसे शंभरात सुमारे ५४ वेळा बरोबर येतात. नाणे उडविले असते तरी ५० वेळा बरोबर आले असते. नजर चुकविणे हे खोटेपणाचे भरवशाचे लक्षण नाही, असेही अभ्यासकांस आढळले. म्हणून हरवलेल्या पेनाचा तपास पेन शोधूनच करावा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासासही मनाई केली आहे. छडी गेली; परंतु तुच्छतेने ओठ मुडपणे, वहीकडे पाहून हसणे, ती बाकावर फेकणे यांत तोच मार असतो, फक्त वळ दिसत नाही.

दसऱ्यानंतर पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडील ऊसतोड कुटुंबे कारखान्यांच्या पट्ट्यात जातात व त्यांची काही मुले वर्षाच्या मध्यावर अनोळखी शाळेत येऊन बसतात. अकोले तालुक्यात महादेव कोळी व ठाकर वस्त्यांवरील मुलांच्या घरची बोली पुस्तकातील मराठीहून वेगळी असते. अशी मुले आरंभी आठवडेच्या आठवडे बोलत नाहीत. या मौनास मंदबुद्धी म्हणण्याची घाई नको. ती मुले ऐकत असतात व मोजीत असतात: येथे कोणास हसतात, पाणी प्यावयास कसे जावे, गुरुजी कोणाच्या खांद्यावर हात ठेवतात. पहिल्या दिवसांत त्यांस सर्वांपुढे उभे करून नाव विचारण्याऐवजी फळा पुसणे, खडू वाटणे असे हाताचे काम दिले, तर बोलण्याआधी वर्गात जागा मिळते. समोर उभे राहून वरून विचारण्यापेक्षा शेजारी उकिडवे बसून वहीत पाहत विचारलेल्या प्रश्नास उत्तर लवकर येते. फार जवळ जाणे मात्र काही मुलांस, विशेषतः मोठ्या मुलींस, संकोचाचे वाटते. ते त्यांच्या मागे सरकण्यावरून दिसते व ते पाळलेच पाहिजे.

शेवटी अशा मुलाविषयी, ज्याच्या मौनाचे कारण मनात नसून कानात असते. कान वाहण्याचे दुखणे खेड्यांत पुष्कळ. अर्धे ऐकू येणारे मूल शिक्षकाच्या ओठांकडे व इतर मुलांकडे पाहून काम भागविते. इतरांनी पुस्तक उघडले की उघडते, क्षणभर मागाहून. शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलू लागले की त्याचा धडा तेवढ्यापुरता बंद पडतो. खिडकीस पाठ लावून उभे राहिल्यास चेहरा अंधारात जातो व ओठ दिसत नाहीत. अशा मुलास मागे उभे राहून, त्याने न पाहता, हलक्या आवाजात हाक मारून पाहावी. एकदा डाव्या बाजूने, एकदा उजव्या. वळले नाही तर त्याचे नाव लिहून ठेवावे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शाळेत वर्षातून एकदा आरोग्यपथक येते. त्या दिवशी ते नाव डॉक्टरांपुढे प्रथम ठेवावे, पालकांस बोलावून घ्यावे, आणि तोवर मुलास पुढच्या रांगेत, ज्या कानाने बरे ऐकू येते तो कान वर्गाकडे येईल असे बसवावे.