बारनिशी आणि मोहोर



१९०७ साली स्थापन झालेल्या 'इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी'चे ग्रंथालय कित्येक वर्षे आपल्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते, आणि तेथे येणारी नियतकालिके टपालाने गावोगावच्या सभासदांकडे फिरत. एकाने वाचून परत केल्यावाचून दुसऱ्याच्या हाती अंक पडणे शक्य नसे. ज्ञानाच्या दळणवळणाची ही चाल आज गमतीची वाटेल. परंतु नियतकालिक म्हणजे कागद आणि कागद एका वेळी एकाच ठिकाणी असणार, ही अट १६६५ साली हेन्री ओल्डेनबर्गने लंडनमध्ये 'फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स' सुरू केले तेव्हापासून कोणालाच चुकलेली नव्हती.

या नियतकालिकांकडे दोन कामे हळूहळू एकवटली. अमुक शोध अमक्याने अमुक दिवशी कळविला याची नोंद, म्हणजे आपल्या कचेऱ्यांतली बारनिशी, हे एक. आणि तज्ज्ञांकडून तो तपासून घेऊन त्यावर ग्राह्यतेची मोहोर उठविणे, हे दुसरे. दोन्ही एकाच दाराआड चालत, त्यामुळे ती निराळी आहेत हे कोणाच्या ध्यानातही येत नसे. विद्युत्-माध्यमाने त्यांची फारकत केली, आणि वेगाचे कौतुक आपण कितीही केले तरी मला हीच गोष्ट अधिक दूरगामी वाटते.

ऑगस्ट १९९१ मध्ये अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे पॉल गिन्स्पार्ग या भौतिकशास्त्रज्ञाने अप्रकाशित निबंधांसाठी जे संगणकीय भांडार उघडले, आणि जे पुढे 'आर्काइव्ह' या नावाने विख्यात झाले, ती जवळजवळ शुद्ध बारनिशीच होय: निबंध आला, तारीख पडली, जगाला खुला झाला. तत्पूर्वी अशा निबंधांच्या प्रती परिचितांना टपालाने जात. ज्याचे नाव त्या यादीत नाही त्याने छापील अंकाची महिनोन्महिने वाट पाहावी, असा रिवाज होता.

नोव्हेंबर २००२ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या ग्रिगोरी पेरेलमान या गणितज्ञाने या भांडारात ३९ पृष्ठांचा एक निबंध ठेवला, पुढील वर्षी आणखी दोन ठेवले, आणि पुआंकारेने १९०४ साली मांडलेला प्रश्न त्यांत सुटलेला असूनही ते त्याने कोणत्याही नियतकालिकाकडे धाडलेच नाहीत. तपासणी मात्र टळली नाही. गणितज्ञांच्या निरनिराळ्या गटांनी ते ओळ न् ओळ पारखण्यात काही वर्षे घालविली. मॉर्गन आणि तियान या दोघांचे स्पष्टीकरणच पाचशेहून अधिक पृष्ठांचे झाले. या प्रश्नाच्या उत्तरासाठी पारितोषिक ठेवणाऱ्या क्ले संस्थेच्या नियमांत नियतकालिकातील प्रसिद्धी अपेक्षित असताही २०१० साली दशलक्ष डॉलरांचे पारितोषिक त्यालाच जाहीर झाले, आणि ते त्याने नाकारले. ज्याला बढती नको त्याला मोहोरही लागत नाही, हे ओघात सांगून ठेवतो.

बाकीच्यांना ती लागते. अध्यापकाची बढती मोहोरेवर ठरू लागली आणि अंक काढण्याचा खर्च मात्र उतरला, तेव्हा मोहोरेचाच बाजार मांडला गेला. विद्यापीठ अनुदान आयोगाला मे २०१८ मध्ये आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. प्रतिष्ठेच्या दुसऱ्या टोकाला 'नेचर'ने, लेख सर्वांना विनामूल्य वाचता यावा असे लेखकास वाटत असेल तर, २०२१ पासून ९,५०० युरो आकारण्याचे ठरविले. वाचकावरची जकात उठली ती लेखकावर बसली, आणि नाका तोच राहिला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने संशोधन-नियतकालिकांच्या 'एक राष्ट्र, एक वर्गणी' या योजनेस तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले. आडगावच्या सरकारी महाविद्यालयातील विद्यार्थ्याला राजधानीतल्या विद्यार्थ्याच्या पंगतीस बसविणाऱ्या या तरतुदीचे मी मनापासून स्वागत करतो. तथापि ही वर्गणी बव्हंशी भाडेपट्टा आहे, खरेदीखत नव्हे. फर्ग्युसनमधून टपालाने गेलेला अंक परत येऊन कपाटात राही, आणि वर्गणी थांबली म्हणून तो उचलून न्यायला कोणी येत नसे. मुदत सरल्यावर मागील अंकांवर आपला हक्क कोणता, हे प्रत्येक करारात स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावे, एवढी विनंती मी आज या सभेत बसलेल्या ग्रंथपालांना करतो.