व्यायामशास्त्र आणि क्रीडा प्रशिक्षण : एक उपेक्षित विद्याशाखा

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त विद्यार्थी व पालक यांच्यासाठी आयोजित मार्गदर्शन मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सकाळपासून या व्यासपीठावरून अभियांत्रिकी, वैद्यक, सनदी लेखापाल, संगणक अशा विद्याशाखांवर तज्ज्ञांची भाषणे झाली. आता भोजनाची वेळ जवळ आली असताना माझ्यासारख्या शिट्टी वाजवणाऱ्या माणसास संयोजकांनी उभे केले आहे. आमच्या विषयाला शाळेच्या वेळापत्रकातही असाच शेवटचा तास मिळतो, त्यामुळे मला त्याची सवय आहे.

अडीच तपांहून अधिक काळ मी शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयात अध्यापन केले. या काळात प्रवेशासाठी आलेल्या पालकांकडून एक वाक्य मी शेकडो वेळा ऐकले : "सर, याचे अभ्यासात लक्ष नाही, म्हणून म्हटले खेळाकडे घालावे." त्यांच्यावर राग धरण्याचा अधिकार मला नाही, कारण एके काळी मीही याच समजुतीचा होतो. ती समजूत कशी गेली, ते आधी सांगतो.

सन 1986 ची गोष्ट. विज्ञानाची पदवी घेऊन मी ग्रामीण भागातील एका माध्यमिक शाळेत नोकरीस लागलो होतो. खेळाचा शिक्षक नव्हता आणि माझ्या काही तासिका मोकळ्या होत्या, म्हणून खेळाचा तास माझ्याकडे आला. त्याची पात्रता काय, तर माझा आवाज मोठा होता. एप्रिल महिन्यात, सकाळी अकराच्या उन्हात, मी नववीच्या मुलांना तीन किलोमीटर धावायला लावले. धावताना पाणी प्यायले की पोटात कळ येते, दम तुटतो, असे मी लहानपणापासून ऐकले होते. म्हणून पाणी प्यायचे नाही, असा माझा सक्त हुकूम होता. परतीच्या वाटेवर एक मुलगा कोसळला. त्याचे डोळे फिरले होते आणि तो काहीबाही बरळत होता. मी घाबरून त्याला सायकलवर घालून चार मैलांवरच्या दवाखान्यात नेण्याची धडपड करू लागलो. शेजारच्या शेतात उसाला पाणी पाजत असलेला एक म्हातारा धावत आला आणि म्हणाला, "मास्तर, पोरगं तापलंय नव्हं, आधी गार करा." त्याने मुलाला उचलून थेट विहिरीच्या पंपाखाली धरले. दहा-पंधरा मिनिटे धरले. मुलगा शुद्धीवर आला, मग आम्ही त्याला दवाखान्यात नेले. तो वाचला. त्या रात्री त्याच्या आईने मला एका शब्दाने दोष दिला नाही. उलट, "सर, तुम्ही होता म्हणून वाचला," असे ती म्हणाली. हे वाक्य मला आजही सोसवत नाही.

दोन वर्षांनी नोकरीतून रजा घेऊन मी बी.पी.एड. करण्यास गेलो. शरीरक्रियाशास्त्राच्या वर्गात एके दिवशी प्राध्यापकांनी फळ्यावर लिहिले की स्नायू जी ऊर्जा वापरतात, तिचा जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा प्रत्यक्ष हालचालीच्या कामी येतो आणि उरलेल्या सर्वाची उष्णता होते. ती उष्णता रक्त त्वचेपर्यंत आणते आणि घाम तिला बाहेर घालवतो. पाणी न देता घाम गाळत राहिल्यास रक्ताचे आकारमान घटते. मग तेच अपुरे रक्त स्नायूंनाही हवे असते आणि त्वचेलाही. शरीराचे तापमान 40 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ लागते व मेंदूवर परिणाम होतो. अशा वेळी आधी थंड पाण्याने शरीर गार करायचे व नंतर रुग्णालयात न्यायचे, हाच उपचाराचा क्रम. निरक्षर म्हाताऱ्याने जे केले, ते शास्त्रशुद्ध होते. मी पदवीधर, मी जे करत होतो त्याने मूल दगावले असते. तसेच, उन्हाची सवय होण्यास शरीराला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात व तोवर श्रम हळूहळू वाढवायचे असतात, हेही मला तेव्हाच कळले. त्या तासाला मी वहीत एक अक्षर लिहू शकलो नाही.

बंधू-भगिनींनो, या विद्याशाखेचे मर्म मला मात्रेत दिसते. वैद्य जशी औषधाची मात्रा ठरवतो, तशी प्रशिक्षक श्रमाची मात्रा ठरवतो. कोणाला, किती, कोणत्या ऋतूत, किती विश्रांतीनंतर. मात्रा कमी पडली तर गुण येत नाही. अधिक झाली तर इजा होते. आणि इजा होते ती दुसऱ्याच्या मुलाला.

आपल्या भागाला ही कल्पना नवी नाही. लाल मातीच्या आखाड्यातील वस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशी हजार बैठका सांगत नसे. जोर आणि बैठका तो आठवड्या-आठवड्याने वाढवी. आज पाठ्यपुस्तके यालाच क्रमवर्धी भाराचे तत्त्व म्हणतात. मात्र अनुभवाच्या ज्ञानालाही सीमा असते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 साली लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा मातीवर घडलेल्या या मल्लाला गादीवरील कुस्तीचा सराव नव्हता. तरीही ते सहावे आले. पुढच्या चार वर्षांत त्यांनी ती उणीव भरून काढली आणि 1952 साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळवले. त्यांच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले, हे आपण जाणताच. स्वतंत्र भारताला दुसरे वैयक्तिक पदक मिळण्यास 1996 साल उजाडावे लागले. चव्वेचाळीस वर्षे! या काळात आपल्याकडे ताकदवान मुले जन्मली नाहीत, असे थोडेच आहे?

महाराष्ट्राने या शास्त्राची पायाभरणी मात्र फार लवकर केली होती. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासूनचे. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली व योगक्रियांच्या वेळी शरीरात काय घडते, ते क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासले. श्रद्धा असूनही तपासून पाहण्याची त्यांची ही वृत्ती मला फार मोलाची वाटते. पुढे 1961 साली पतियाळाच्या मोतीबाग राजवाड्यात राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली आणि प्रशिक्षक घडवण्याचा स्वतंत्र अभ्यासक्रम देशाला मिळाला. 1985 साली द्रोणाचार्य पुरस्कार प्रथमच देण्यात आले. तो मान मिळालेल्या तिघांत कुस्तीचे प्रशिक्षक भालचंद्र भागवत हे आपले मराठी गृहस्थ होते. खेळाडूंची नावे आपल्या मुलांना तोंडपाठ असतात. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 साली पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळवले, ते घरोघरी ठाऊक आहे. त्यांच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे यांचे नाव या सभागृहातील किती जणांना ठाऊक असेल?

आता महाविद्यालयात शिकवतात काय? शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, हालचालींचे यंत्रशास्त्र, क्रीडा मानसशास्त्र, प्रशिक्षणशास्त्र, इजा व प्रथमोपचार, मापन व मूल्यमापन आणि त्यासाठी लागणारे संख्याशास्त्र. संख्याशास्त्राचे नाव काढताच आमचे निम्मे विद्यार्थी घाम पुसू लागत. धावताना येत नसे इतका! सकाळी मैदान, दुपारी वर्ग, संध्याकाळी पुन्हा मैदान आणि मधूनमधून शाळांत जाऊन सराव पाठ. प्रयोगशाळा म्हणजे पुष्कळदा स्वतःचेच शरीर. उदाहरणार्थ, हार्वर्ड स्टेप टेस्ट. वीस इंच उंचीच्या बाकावर मिनिटाला तीस वेळा, अशी पाच मिनिटे चढ-उतार करायची आणि नंतर ठराविक अंतराने नाडी मोजायची. ज्याची नाडी लवकर मूळपदावर येते, त्याचे हृदय अधिक कार्यक्षम. सामान्य माणसाची विश्रांतीतील नाडी मिनिटाला सत्तरच्या आसपास असते. लांब पल्ल्याच्या कसलेल्या धावपटूची चाळीस-पन्नासही असते, कारण त्याचे हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलते. हे स्वतःच्या मनगटावर बोट ठेवून शिकलेला विद्यार्थी जन्मात विसरत नाही.

तेथे काही गोष्टी पुसूनही टाकाव्या लागतात. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी अंग दुखते ते स्नायूंत आम्ल साठल्यामुळे, असे आजही सर्रास सांगितले जाते. ते लॅक्टेट तासा-दोन तासांत निघून जाते. दुखणे असते ते स्नायुतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेचे. पोटाचे व्यायाम केल्याने केवळ पोटाचीच चरबी उतरते, हाही असाच भ्रम. आणि पोटाला पट्टा बांधून गाळलेला घाम म्हणजे निव्वळ पाणी. दोन पेले प्यायले की वजन पुन्हा जागेवर.

एक प्रश्न आपल्या समाजातील पालक हटकून विचारतात, आणि तो योग्यच आहे : आपला आहार सांभाळून मुलगा खेळाडू होईल काय? हिशेबच मांडून पाहू. नियमित कष्टाचा सराव करणाऱ्यास शरीराच्या दर किलो वजनामागे दररोज 1.2 ते 2 ग्रॅम प्रथिने पुरेशी होतात. साठ किलोच्या मुलासाठी 1.6 धरू, म्हणजे 96 ग्रॅम. एक लिटर दुधात सुमारे 32, शंभर ग्रॅम कोरड्या डाळी-कडधान्यांत 22 ते 24, पन्नास ग्रॅम शेंगदाण्यांत 12 आणि तीनशे ग्रॅम गहू-ज्वारीत 30 च्या आसपास. बेरीज झाली. डाळीत जे अमिनो आम्ल कमी, ते धान्यात असते आणि धान्यातले उणे डाळ भरून काढते. आपल्या वरण-भाताला आणि आमटी-भाकरीला कोणत्याही डब्यातील भुकटीने लाजवण्याचे कारण नाही. ज्यांनी दूधही वर्ज्य केले आहे, त्यांनी बी-12 जीवनसत्त्वाबाबत डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा, आणि मुलींच्या बाबतीत लोहाकडे लक्ष असावे.

खरी अडचण आहाराच्या वेळेची आहे. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि मैदानावरचा सराव साडेसहाला संपतो. चौविहार पाळणारा मुलगा थकून वसतिगृहात येतो आणि रिकाम्या पोटी झोपतो. असा एक विद्यार्थी माझ्याकडे होता. त्याचे वजन उतरत होते, पण संकोचाने तो काही बोलत नव्हता. कळल्यावर आम्ही त्याचा मुख्य सराव पहाटे घेतला, दुपारचे जेवण वाढवले, चार वाजता भिजवलेले हरभरे व केळी ठेवली आणि सूर्यास्तापूर्वी अर्धा तास त्याला मैदानातून सोडले. पर्युषणात उपवास असता त्याचा भार निम्म्याहून कमी केला. व्रत मोडण्याची आवश्यकता पडली नाही. वेळापत्रक मोडावे लागले. हे करण्यास प्रशिक्षकाला शास्त्र ठाऊक असावे लागते, अन्यथा तो एवढेच म्हणतो की "हे सोड, नाहीतर खेळ सोड."

समोर बसलेल्या व्यापारी बांधवांनाही दोन शब्द सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. लंडनमध्ये जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी दुमजली बसच्या चालकांची व वाहकांची तुलना केली आणि 1953 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांना हृदयविकार अधिक जडत होता. दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना कमी. दुकानाच्या गादीवर दहा तास बसणाऱ्यांनी आपण चालक की वाहक, ते ठरवावे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रौढांसाठी आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे आणि पासष्टीनंतर आठवड्यातून तीन दिवस तोल व ताकद यांचे व्यायाम. घरातील आजी न्हाणीघरात पडून खुब्याचे हाड मोडून घेते, तेव्हा आपण दैवाला दोष देतो. तिला उभे राहणे-बसणे, एका पायावर तोल सावरणे शिकवणारा प्रशिक्षित माणूस आपल्या गावात असावा, असे मात्र आपल्याला वाटत नाही.

उपजीविकेविषयी आडपडदा न ठेवता बोलतो. शाळांतील पदे थोडी आहेत आणि भरती वर्षानुवर्षे रखडते. बी.पी.एड. आता दोन वर्षांचे आहे; महाराष्ट्रात प्रवेशासाठी लेखी परीक्षेबरोबर मैदानी चाचणीही द्यावी लागते. बारावीनंतर तीन वर्षांच्या पदवीचाही मार्ग आहे. एम.पी.एड. व नेट झालेल्यास महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक होता येते. क्रीडा अधिकाऱ्याच्या जागा स्पर्धा परीक्षेतून भरतात. खासगी अकादमी, व्यायामशाळा, संघांचे तंदुरुस्ती प्रशिक्षक अशी कामे वाढली आहेत, पण त्यांचे उत्पन्न बेभरवशाचे. पतियाळाची एक वर्षाची पदविका आणि तेथीलच सहा आठवड्यांचे प्रमाणपत्र यांत गल्लत करू नये, आणि भिंतीवर लावलेले प्रत्येक प्रमाणपत्र खरे समजू नये. ज्याला लवकर श्रीमंत व्हायचे आहे, त्याने सकाळच्या वक्त्यांचे ऐकावे. मुलींनी मात्र या क्षेत्राचा अवश्य विचार करावा. महिला प्रशिक्षक नाही म्हणून दहावीनंतर मैदान सोडलेल्या किती तरी गुणी मुली मी पाहिल्या आहेत.

तो कोसळलेला मुलगा आज पन्नाशी ओलांडून गेला आहे. काही वर्षांपूर्वी त्याने आपल्या धाकट्या मुलीला प्रवेशासाठी माझ्याकडे आणले. तिचे बारावी विज्ञानाचे गुण उत्तम होते. "हिला दुसरीकडे मिळत नाही म्हणून आणले का?" असे मी मुद्दाम विचारले. तो म्हणाला, "नाही सर. आमच्या तालुक्यात धावणाऱ्या पोरांना पाणी कधी द्यायचं, ते कळणारं कोणी तरी पाहिजे." ती सध्या तेथेच एका शाळेत शिकवते.

संयोजकांनी घड्याळ दाखवले आहे. ज्या पालकांना व विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाविषयी विचारायचे असेल, त्यांच्यासाठी भोजनानंतर मी मागील दालनात बसेन.