परदेशच्या शाळेचे बोलावणे
(सुवर्णमहोत्सवी समारंभात विद्यानिधी समितीच्या वतीने झालेले भाषण)



विद्यानिधी समितीने आज दोन शब्द बोलावेत, अशी चिटणिसांची आज्ञा झाली. शब्द पैशाविषयीचे असल्यामुळे आपण ते सावधपणे ऐकाल, असा भरवसा वाटतो.

गेल्या वर्षी आपल्या वडोदऱ्यातीलच एक मुलगी अर्ज घेऊन आली. शिक्षण बी. ए., बी. एड., विषय इंग्रजी. जपानातील एका इंग्रजी संभाषणाच्या शाळेने तिला शिक्षिकेची जागा देऊ केली होती. येनचे रुपये करून वडील हरखले होते, आईच्या डोळ्यांना पाणी होते. विमानभाड्यापुरते कर्ज हवे होते. आम्ही तत्काळ होकार दिला नाही, याचे कित्येकांना वैषम्य वाटले. त्याचा खुलासा करतो.

पहिले कारण आमचीच चूक. पूर्वी एका तरुणास परदेशातील अशाच नोकरीसाठी आम्ही सत्कार करून कर्ज दिले. करारनामा मात्र वाचला नाही. शाळा आठ महिन्यांत बंद पडली. खोली शाळेचीच होती. नोकरीबरोबर छप्परही गेले. परत येऊन त्याने सारे हप्ते फेडले, पण आपल्या कार्यक्रमांना तो पुन्हा आला नाही. ही टोचणी आम्हांस आहे.

दुसरे कारण जपानातलेच. तेथील भाषाशाळांत सर्वांत मोठी असलेली 'नोव्हा' ही कंपनी २००७ च्या ऑक्टोबरात कोसळली. विद्यार्थ्यांकडून शेकडो तासिकांचे पैसे आगाऊ घ्यायचे आणि त्यांवर नव्या शाखा काढायच्या, असा तिचा व्यवहार. पैसे परत देण्यावरून सरकारने नवे दीर्घ करार थांबवले, तेव्हा ओघ आटला. हजारो परदेशी शिक्षकांचे पगार थकले. अनेकांच्या पगारातून घरभाडे कापले जात होते, पण ते घरमालकास पोचलेच नव्हते. शाळा मोठी म्हणून नोकरी पक्की, हा समज खरा नव्हे.

तिसरे कारण आपल्या गावचे, आणि ते सांगताना मान खाली जाते. महाराजा सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनी पाळावयास घेतला आणि १९१७ मध्ये ते येथे रुजू झाले. करार होता, पगार होता. राहावयास घर कोणी दिले नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना हुसकावले गेले. मुंबईच्या गाडीपर्यंतचे तास त्यांनी कामाठी बागेत काढले. निवाऱ्यावाचून नोकरी म्हणजे काय, हे वडोदऱ्याने तरी विसरू नये.

म्हणून आम्ही त्या मुलीस शाळेला काही प्रश्न विचारावयास लावले. पात्रता-प्रमाणपत्र शाळा आधी काढून देणार, की 'पर्यटक म्हणून या, मागाहून पाहू' म्हणणार? दुसरे म्हणणारास आम्ही दारातूनच नमस्कार करतो. करारात आठवड्याचे साडेएकोणतीस तास होते. तीस तासांच्या आत ठेवून सामाजिक विम्याचा भार टाळण्याची तेथील अनेक शाळांची जुनी रीत. २०१६ पासून मोठ्या कंपन्यांपुरती ही मर्यादा वीस तासांवर आली. मग विमा मिळणार का? दोन तासिकांमधला वेळ कामात धरणार का? मध्येच सोडल्यास दंड किती? खोली कोणाच्या नावावर?

मुलीने स्वतःही एक गोष्ट शोधून काढली. जपानात नोकरी सुटली तरी राहण्याचा परवाना त्याच दिवशी संपत नाही; चौदा दिवसांत कळवून त्याच प्रकारचे दुसरे काम शोधता येते. हे वाचून तिच्या आईचा जीव निम्मा भांड्यात पडला.

शाळेची उत्तरे लेखी आली. विमा मान्य झाला; खोलीचे उत्तर मोघम होते. मुलीने शाळेची खोली नाकारली आणि स्वतःच्या नावावर लहानशी घेतली. समितीने जाण्याचे भाडे कर्जाऊ दिले. परतीच्या भाड्याएवढी रक्कम वडिलांनी मुलीच्या नावे येथील बँकेत ठेवली. तो नियम आता सर्वांस लागू आहे.

ती गेली, शिकवते आहे, हप्ते वेळेवर येतात. बँकेतील ती ठेव अजून मोडलेली नाही. ती तशीच पडून राहो, आणि तरी ती असोच, एवढीच आमची इच्छा आहे.