रुग्ण देश का सोडतो?



 परदेशी रुग्णांविषयी आपल्या कर्करोग-चिकित्सेच्या परिषदांत बहुधा खाटा आणि उत्पन्न यांच्याच भाषेत बोलले जाते. इथे उपचार स्वस्त, म्हणून ते येतात, असे आपण धरून चालतो. हे उत्तर मला अपुरे वाटते.

युगांडाचे पाहा. कंपालाच्या मुलागो रुग्णालयात 1995 पासून चाललेले कोबाल्टचे यंत्र 2016 मध्ये कायमचे बंद पडले. अख्ख्या देशात किरणोपचाराचे तेवढे एकच यंत्र होते. तिथल्या स्त्रियांत सर्वाधिक आढळतो तो गर्भाशयमुखाचा कर्करोग, आणि तो थोडा पुढे गेला की किरणांवाचून भागत नाही, हे या सभागृहात सांगायला नको. ज्यांना झेपले ते नैरोबीला गेले. पण किरणोपचार म्हणजे एका दिवसाची शस्त्रक्रिया नव्हे. आठवड्याचे पाच दिवस, असे पाच-सहा आठवडे. तेवढा काळ परक्या शहरात खोली घ्यायची, सोबत एक माणूस ठेवायचा, त्याची मजुरी बुडवायची, मुले कोणाच्या तरी पदरात टाकायची. नवे यंत्र सुरू व्हायला जवळजवळ दोन वर्षे गेली. त्या काळात ज्या बायकांकडे नैरोबीच्या बसभाड्याचेही पैसे नव्हते, त्या परदेशी रुग्णांच्या कुठल्याच आकडेवारीत नाहीत. मला त्यांची काळजी अधिक वाटते.

कारणे देशागणिक बदलतात. दातांचा खर्च परवडत नाही म्हणून अमेरिकन माणूस मेक्सिकोतल्या लॉस अल्गोडोनेसला जातो. आयर्लंडच्या स्त्रियांना गर्भपातासाठी इंग्लंड गाठावे लागे, कारण 2018 च्या सार्वमतापर्यंत कायदाच आडवा होता. बांगलादेशाचे दुखणे वेगळे आहे. ढाक्यात मोठी रुग्णालये आहेत, तज्ज्ञ आहेत. तरी निदानावर विश्वास बसत नाही, म्हणून कितीतरी कुटुंबे कोलकाता, वेल्लोर गाठत आली. ऑगस्ट 2024 नंतर भारताने व्हिसा देण्यात हात आखडता घेतला आणि उपचार अर्ध्यावर असलेल्यांची कोंडी झाली. 2025 मध्ये बांगलादेशी रुग्णांचे गट चीनमधल्या कुनमिंगला जाऊ लागले.

मुंबईलाही परक्या देशातल्या आजारपणाचे हे दुःख ठाऊक आहे. लेडी मेहेरबाई टाटा 1931 मध्ये वेल्समधल्या शुश्रूषागृहात रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढे त्यांचे पती सर दोराबजी यांच्या विश्वस्त निधीतून 1941 मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले. (बीडच्या शेतमजुराला परळही परदेशाइतकेच लांब पडते, हे मात्र विसरू नये.)

आता पुन्हा युगांडाकडे वळू. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवलेले भाभाट्रॉन हे कोबाल्ट-किरणोपचाराचे यंत्र कंपालाच्या कर्करोग संस्थेला भेट देण्याची घोषणा भारताने जुलै 2018 मध्ये केली. परदेशी रुग्णाची याहून मोठी सेवा मला दिसत नाही. पण नुसते यंत्र पुरत नाही. कोबाल्टची तीव्रता सव्वापाच वर्षांत निम्मी होते. स्रोत वेळेवर बदलला नाही, तर प्रत्येक रुग्णाला यंत्राखाली अधिक वेळ ठेवावे लागते आणि बाहेरची रांग वाढत जाते. त्यासाठी भौतिकतज्ज्ञ हवा, तंत्रज्ञ हवा, सुटे भाग हवेत. ही माणसे आपण घडवू शकतो.

म्हणून दोन ठराव मांडतो. प्रत्येक मोठ्या केंद्राने युगांडासारख्या देशांतील भौतिकतज्ज्ञ व तंत्रज्ञांसाठी दरवर्षी प्रशिक्षणाच्या जागा राखाव्यात, आणि शुल्क घेऊ नये. दुसरा आपल्या घरातला आहे. रुग्ण आणून देणाऱ्या दलालाला कमिशन देणे बंद व्हावे. डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या आचारसंहितेने त्याला मनाई केलेलीच आहे. रुग्णाला खर्चाचा लेखी अंदाज त्याच्या भाषेत, तो विमानात बसण्यापूर्वी मिळावा. परत जाताना बायोप्सीचे ब्लॉक, किरणमात्रेचा तपशील आणि त्याच्या गावच्या डॉक्टरांच्या नावे पत्र त्याच्या हातात असावे.

ठरावांचा मसुदा दुपारच्या सत्राआधी आपल्याला मिळेल. त्यात दुरुस्त्या सुचवा, हवा तर विरोध करा, पण आज संध्याकाळपर्यंत मतदान होऊ द्या.