घरची भाषा आणि शिरगणतीचा रकाना
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या कित्येक घरांतील मुलेबाळे अमेरिकेत स्थायिक झाली आहेत. म्हणून तेथील शिरगणती खाते भाषेविषयी काय विचारते, तेवढेच निवेदन करतो. हे खाते दरवर्षी सुमारे ३५ लक्ष पत्त्यांवर एक प्रश्नपत्रिका धाडते. पाच वर्षे व त्यावरील प्रत्येकाविषयी तीत विचारलेले असते: घरी इंग्रजीखेरीज अन्य भाषा बोलतात काय? कोणती? आणि इंग्रजी कितपत येते: फार चांगले, चांगले, फारसे नाही, की मुळीच नाही? गंमत अशी की, नुसते ‘चांगले’ लिहिणाराही कच्च्यांतच गणला जातो! शिवाय साऱ्या घराची उत्तरे बहुधा एकच व्यक्ती लिहिते. म्हणजे सासूबाईंच्या इंग्रजीची परीक्षा सूनबाईंच्या हाती.

परंतु या आकड्यांना मोल आहे. १९७५ पासून तेथील मतदानाच्या कायद्यान्वये, इंग्रजी अपुरे असणाऱ्या काही भाषिक गटांतील मतदारांची संख्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास त्यांच्या भाषेत मतपत्रिका द्यावी लागते. न्यूयॉर्कच्या क्वीन्स विभागात बंगाली मतपत्रिका आली ती याच आधारे. खात्याच्या २०१६ पासूनच्या नेहमीच्या कोष्टकात गुजराती, हिंदी, बंगाली, पंजाबी यांना स्वतंत्र रकाने आहेत. मराठी मात्र नेपाळी व इतर भारतीय आर्यभाषांसमवेत एकाच रकान्यात दाटीने बसली आहे.

पहिल्या प्रश्नास ‘नाही’ लिहिले की पुढील दोन उरतच नाहीत. इंग्रजी ‘फार चांगले’ येते आणि घरी मराठी बोलतो, ही दोन्ही उत्तरे एकाच पत्रिकेवर खुशाल लिहिता येतात. मुलांना पुढचे पत्र धाडाल, त्यात एवढे अवश्य कळवावे.