राजाचे शिपाई आणि नोबचे याजक

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या तीन दिवसांच्या उपासनेंत, दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवसांत मीं आपल्या देवळाच्या बांधकामाविषयीं आणि येथें घाम गाळून गेलेल्या मिशनरी फादरांविषयीं बोलावें, अशी आपली अपेक्षा असणार. तें काम कालच्या वक्त्यांनीं माझ्याहून पुष्कळ चांगलें केलें. मला आज एक जुनें ऋण फेडावयाचें आहे, म्हणून विषय निराळा घेतों.

कांहीं वर्षांपूर्वीं आपल्याच धर्मग्रामांतील एक तरुण सैन्यांत भरती होऊन निघाला, तेव्हां आशीर्वाद घेण्यासाठीं बंगल्यावर आला. ओट्यावर बसून आमचा चहा झाला. उठतां उठतां त्यानें विचारलें, "फादर, नि:शस्त्र माणसांवर गोळी झाड असा हुकूम आला, तर मीं काय करावें?" मला मिस्सेची घाई होती. "प्रार्थना करीत जा, बाळ, देव पाहून घेईल," असें म्हणून मीं त्याच्या मस्तकावर हात ठेविला. तो गेला. त्याच्या प्रश्नाला उत्तर मिळालें नव्हतें, हें त्यालाही समजलें आणि मलाही समजलें. सेमिनरींत नीतिशास्त्र शिकलेल्या मनुष्यानें असें करावें, याची लाज मला अद्यापि वाटते.

उत्तर पवित्र शास्त्रांतच होतें. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा बाविसावा अध्याय आज घरीं गेल्यावर काढून पाहा. पळत असलेल्या दाविदाला नोब नगरांतील याजक अहीमलेख यानें भाकर दिली आणि गल्याथाची तलवार दिली. शौल राजाला हें कळलें. त्यानें याजकांस बोलावून आणविलें आणि जवळ उभ्या असलेल्या आपल्या शिपायांस आज्ञा केली कीं यांना ठार करा. शिपायांनीं परमेश्वराच्या याजकांवर हात टाकला नाहीं. त्यांचीं नांवें शास्त्रांत नाहींत. त्यांनीं भाषण केलें नाहीं कीं बंड केलें नाहीं. हात उचलला नाहीं, एवढेंच. मग राजानें दवेग अदोमी याला सांगितलें, आणि त्यानें एका दिवसांत पंचायशीं याजक कापून काढले.

म्हणजे शिपायांच्या नकारानें याजक वांचले नाहींत. ही गोष्ट जड आहे, आणि ती लपविण्यांत अर्थ नाहीं. एकानें नाकारलें तर दुसरा करतो, दवेग मिळतोच. मग नाकारून साधलें काय? ह्या विषयावर बोलणाऱ्यानें ह्या प्रश्नाला बगल देऊं नये.

आपल्या देशाच्या इतिहासांत हेंच घडलेलें आहे. २३ एप्रिल १९३० रोजीं पेशावरच्या किस्साखानी बाजारांत नि:शस्त्र पठाणांचा जमाव लोटला होता. गोळीबाराचा हुकूम झाला. रॉयल गढवाल रायफल्सच्या चंद्रसिंह गढवाली यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं गोळी चालविण्यास नकार दिला. दुसऱ्या फौजेनें ती चालविली आणि माणसें मेलींच. चंद्रसिंहांना जन्मठेप झाली. आश्चर्य असें कीं, पुढें एका फ्रेंच पत्रकाराशीं बोलतांना गांधीजींनींही ह्या नकाराचें समर्थन केलें नाहीं. शिपायानें घेतलेली शपथ मोडली, हें त्यांना खुपलें. एवढ्या थोर पुरुषाशीं मतभेद दाखवितांना जीभ अडखळते. परंतु शपथेच्या बाबतींत ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे. पाप करण्याची शपथ बंधनकारक नसते. हेरोदानेंही शपथेकडे व पंक्तीला बसलेल्या पाहुण्यांकडे पाहूनच बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचें शिर मागविलें होतें. तें शिर आणावयास कारागृहांत जो शिपाई गेला, त्याचा मीं पुष्कळदां विचार करतों.

येथें कोणीं गैरसमज करून घेऊं नये. शिपायाचा पेशा वाईट असें ख्रिस्तसभा म्हणत नाहीं. योहानाकडे शिपाई आले तेव्हां त्यानें त्यांस जुलूम करूं नका, आपल्या पगारांत तृप्त असा, असें सांगितलें. नोकरी सोडा असें सांगितलें नाहीं. प्रत्येक हुकुमावर शिपायानें वाद घालीत बसावें असेंही नाहीं. शंका असेल तेथें अधिकाऱ्याचें ऐकावें. परंतु नि:शस्त्रांस मारणें, कैद्यांचा छळ, स्त्रियांची अप्रतिष्ठा, यांत शंका कसली? आपल्या देशाच्या १९५० च्या आर्मी ॲक्टांतही आज्ञाभंगाचा गुन्हा सांगतांना "कायदेशीर हुकूम" असाच शब्द घातलेला आहे.

आतां ज्याच्यासाठीं मुख्यतः उभा राहिलों, त्याच्याकडे वळतों. ऑस्ट्रिया देशांत, बव्हेरियाच्या सीमेजवळ, सांक्ट राडेगुंड नांवाचें लहानसें खेडें आहे. तेथें २० मे १९०७ रोजीं फ्रांत्स येगरश्टेटर याचा जन्म झाला. तो शेतकरी. लहानपणापासून साधु होता असें मात्र नाहीं. गांवांत पहिली मोटारसायकल आणणारा, आणि विवाहापूर्वींच एका मुलीचा बाप झालेला असा हा गडी. १९३६ सालीं फ्रांत्सिस्का हिच्याशीं त्याचा विवाह झाला आणि दोघें रोमच्या यात्रेस गेलीं. पुढें तीन मुली झाल्या. संसारांत शास्त्रवाचन आणि प्रार्थना वाढत गेली, आणि १९४१ पासून तो गांवच्या देवळाची झाडलोट व वेदीची व्यवस्था पाहूं लागला.

१९३८ सालीं हिटलरनें ऑस्ट्रिया घेतला आणि लोकांचें मत मागितलें. त्या गांवांतून विरुद्ध मत पडलें तें एकट्या फ्रांत्सचें. त्याच वर्षाच्या आरंभीं त्याला एक स्वप्न पडलें होतें. एक सुंदर आगगाडी डोंगराला वळसा घालून येत आहे, लहानथोर तिच्यांत चढण्यासाठीं धांवत आहेत, आणि ही गाडी नरकांत जाते असा शब्द ऐकूं येतो. ती गाडी कोणती, हें त्यानें पुढें आपल्या वहींत लिहून ठेविलें.

१९४० व १९४१ मध्यें कांहीं महिने त्यानें लष्करी शिक्षण घेतलें. परत आला तो निश्चय करून कीं, दुसऱ्यांचे देश लुटणाऱ्या ह्या युद्धांत आपण पुन्हां जावयाचें नाहीं. मग त्यानें सल्ला विचारला. लिंत्सच्या बिशपांकडे गेला. कुटुंबाचा विचार कर, युद्धाचा न्याय ठरविणें तुझें काम नव्हे, अशा अर्थाचें उत्तर मिळालें. त्याच्या गांवचे धर्मगुरु नाझींविरुद्ध प्रवचन केल्यामुळें गांवाबाहेर घालविले गेले होते. त्यांनींही त्याला परतविण्याचा यत्न केला, आणि शास्त्रवचनांत आपण त्याच्यापुढें हरलों असें पुढें कबूल केलें.

बंधुभगिनींनो, हें वाचतांना मीं पुस्तक खालीं ठेविलें. ते बिशप दुष्ट नव्हते. तीन लहान मुलींच्या बापाला ते वांचवूं पाहत होते. फ्रांत्स माझ्या ओट्यावर आला असता, तर मींही तेंच सांगितलें असतें. मिस्सेची घाई असती तर तेवढेंही नाहीं.

१ मार्च १९४३ रोजीं तो एन्सच्या छावणींत हजर झाला आणि लढणार नाहीं असें सांगून मोकळा झाला. रुग्णसेवा करण्याची तयारी त्यानें दाखविली. ती कोणीं मानली नाहीं. आधीं लिंत्सचा तुरुंग, मग बर्लिनचा. ६ जुलै रोजीं देहांताची शिक्षा झाली. तुरुंगांतील धर्मगुरूंकडून त्याला कळलें कीं, आदल्या वर्षीं फादर फ्रांत्स रायनिश यांनींही हिटलरच्या नांवानें शपथ घेण्याचें नाकारून मरण पत्करिलें होतें. तेव्हां त्याचा जीव हलका झाला. सबंध वर्षांत "तूं बरोबर आहेस" असें त्याला एका धर्मगुरूनें सांगितलें, तें मरून! ९ ऑगस्ट १९४३ रोजीं ब्रांडेनबुर्ग येथें त्याचा शिरच्छेद झाला. वय छत्तीस.

हिटलरच्या सैन्यांत त्यामुळें एक मनुष्य कमी झाला, दुसरें कांहीं नाहीं. दवेग पुष्कळ होते. पण फ्रांत्सला हें ठाऊक नव्हतें असें का तुम्हांस वाटतें? त्याला विचारला जाणारा प्रश्न युद्ध थांबेल का हा नव्हता. हात कोणाचे, हा होता.

फ्रांत्सिस्काविषयीं फार थोडे बोलतात. हिच्याच भक्तीनें नवरा बिघडला, असें गांव म्हणे. सरकारी मदत कित्येक वर्षें नाकारली गेली. तिनें शेत केलें, मुली वाढविल्या, आणि नवऱ्याच्या मागें देवळाची तीच व्यवस्था स्वतः सांभाळली. युद्धानंतरही त्याची हकीकत धर्मप्रांताच्या पत्रांत छापूं दिली गेली नाहीं. आणि २६ ऑक्टोबर २००७ रोजीं त्याच लिंत्सच्या मुख्य मंदिरांत फ्रांत्सला "धन्य" म्हणून घोषित केलें, तेव्हां ती ९४ वर्षांची बाई समोर बसली होती.

मध्यंतरीं काय घडलें, त्यांत आपल्या मुंबईचाही धागा आहे. १९३७ ते १९५० मुंबईचे आर्चबिशप असलेले थॉमस रॉबर्ट्स यांनीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या धर्मपित्यांपुढें ठेविलेल्या निवेदनांत ह्याच शेतकऱ्याचा दाखला दिला. अमानुष हुकूम देणाऱ्यांस जे उघडपणें विरोध करतात, त्यांचें धैर्य परम स्तुतीस पात्र आहे, असें परिषदेनें १९६५ सालीं जाहीर केलें.

तो आपला तरुण अजून सैन्यांत आहे. त्याची आई समोर बसलेली दिसते. माई, सुट्टींत येईल तेव्हां त्याला बंगल्यावर पाठवा. त्याला मीं सांगणार आहें कीं, अशी आज्ञा आलीच तर ती पाळूं नकोस. शिक्षा होईल ती घे. आणि तुझ्या घरचें काय, ही काळजी ह्या धर्मग्रामाकडे सोंप. हें शेवटचें वाक्य मीं एकटा बोलूं शकत नाहीं. म्हणून धर्मग्रामाच्या मंडळास मीं विनंति केली आहे, आणि तिचा विचार येत्या बैठकींत होईल. धन्य फ्रांत्सचा सण २१ मे रोजीं असतो. त्या दिवशीं सायंकाळची मिस्सा आपल्या सर्व शिपायांसाठीं आणि त्यांच्या घरच्या माणसांसाठीं अर्पण केली जाईल.